गळीत हंगाम, धुरी आणि पोटातलं बाळ

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की दरवर्षी तेच प्रश्न नव्या तोंडांनी येतात, म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकदाच देते. उत्तर वाचलं म्हणून तपासणी टाळायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सातवा महिना चालू आहे. शेजारच्या रानात उसाचं पाचट (वाळलेला पाला) पेटवतात, काजळी अंगणातल्या वाळवणावर येऊन पडते. हे बाळापर्यंत पोचतं का? (कागल तालुका)

वाळवणावर दिसते ती जाड काजळी. ती बहुतेक नाका-घशातच अडकते. काळजी न दिसणाऱ्या कणांची आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुफ्फुसात खोल जातात आणि त्यातले अगदी सूक्ष्म रक्तातही उतरतात. २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. अशा हवेत बाळाचं वजन अडीच किलोच्या आत राहण्याचा आणि ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. वाढतो म्हणजे तुमच्या बाळाला होणारच असं नाही, तेव्हा रात्र जागून काढू नका.

पाचट पेटणार असेल त्या दिवशी दारं-खिडक्या लावून घ्या, जमलं तर तेवढा वेळ पाहुण्यांकडे जा. आणि शेजाऱ्याला सांगाच: एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते सरीत दाबलं तर जमिनीला खत आणि ओल दोन्ही मिळतं. वाढ बघण्याची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या तारखेलाच करा.

पहाटे पाचला कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला जाते. पहाटेची हवा शुद्ध असते ना?

थंडीत नसते. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, धूर तिच्यातच कोंडतो आणि ऊन चढल्यावर सुटतो. आठनंतर जा, पण वाहनांच्या रस्त्याकडेनं चालू नका.

दम्याचा पंप वापरते. दिवस गेल्यावर बंद करावा असं जाऊबाई म्हणतात.

स्वतःहून अजिबात बंद करू नका. आईचा दम उखडला तर बाळाचाही ऑक्सिजन कमी पडतो. पुढच्या भेटीला पंप सोबत न्या आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

‘गर्भवतींसाठी खास’ म्हणून आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग) असलेला हवेचा प्युरिफायर दुकानात दाखवला. हप्त्यावर घ्यावा का? (शिरोली)

‘गर्भवतींसाठी खास’ असा प्युरिफायर नसतो, खास असते ती किंमत. यंत्रात खरा हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) आहे का आणि ते तुमच्या खोलीच्या मापाला पुरतं का, एवढंच विचारा. काही आयोनायझर ओझोन सोडतात आणि तो श्वासनलिकेला झोंबतो. शिवाय यंत्र लावून खाली उदबत्ती पेटवणार असाल तर हप्ते वायाच. आधी घरातला धूर बंद करा. चोवीस तासांच्या सरासरीत पीएम २.५ ची आपल्याकडची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. बंद खोलीतली चूल या दोन्हींच्या कितीतरी पुढे जाते.

सून बाळंतीण आहे. ओवा, शेपा, वावडिंग, ऊद टाकून दोन वेळा धुरी देतो, बाजेखाली शेगडी ठेवतो. बाळ सारखं शिंकतं. मुलगा म्हणतो बंद करा. आमची चार पोरं धुरीवरच वाढली. (करवीर तालुका)

आजी, मुलाचं ऐका. आजच.

तुमची ती खोली मला न बघता दिसते. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत फडकी कोंबलेली, बाजेखाली निखारे, आणि वर दोन आठवड्यांचं लेकरू. मोठं माणूस मिनिटाला पंधरा-वीस श्वास घेतं, हे लेकरू चाळीसेक. म्हणजे वजनाच्या मानानं धूर त्याच्याच वाट्याला जास्त. ओवा औषधी असेल, पण जळाला की त्याचा धूरच होतो. जळता ओवा आणि जळतं पाचट यातला फरक बाळाच्या फुफ्फुसाला कळत नाही. वर निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि कोंदट खोलीत झोपेतच जीव घेऊ शकतो. दुकानात ‘केमिकल-फ्री बेबी धूप’ मिळतो, तोही धूरच.

चार पोरं वाढली, छान झालं. पण त्याच काळात ‘दम लागून गेलं’ म्हणून विसरली गेलेली बाळं कुणी मोजली? २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ लाख ७६ हजार नवजात बाळांचे मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडले गेले, आणि त्यातले जवळपास दोन-तृतीयांश घरातल्या चुलीच्या धुराशी. कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवायला आपण तयार असतो, घरच्या शेगडीचं नाव घेतलं की राग येतो.

ऊब हवीच, ती धुराशिवाय द्या. बाळाला टोपडं घाला आणि आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा. सुनेची कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे. डासांसाठी कॉइल नको, मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलं गेलंय. बंब चिपाडावर किंवा शेणीवर पेटत असेल तर तो बाळंतिणीच्या खोलीपासून लांब न्या.

नुसती शिंक ही नाक साफ करण्याची रीत आहे, पण तरी एकदा दाखवून या. श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, अंगावर न पिणं, ओठ निळे पडणं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. बाळाला काजळ-गुटी देत बसू नका.

तान्ह्या बाळाला मास्क लावू का?

नाही. गुदमरेल.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात बाळाला पाणी पाजावं का?

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, थोडं जास्त वेळा. पाणी आईनं प्यायचं. गरोदर बायकांनाही दुपारच्या उन्हात रानात पाठवू नका: २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात तापमान एक अंशानं वाढलं की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता सरासरी ५ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

ऑगस्टची तारीख आहे आणि आमच्याकडे पूर येतो. कधी हलावं? (शिरोळ)

२०१९ आणि २०२१ पाहूनही हा प्रश्न यावा? कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे. ती गाठायची वाट बघू नका. नववा लागला की दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे जा, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आशाताईंना पत्ता देऊन ठेवा. पाणी उकळूनच प्या, कारण गरोदरपणातली ‘ई’ प्रकारची कावीळ जीवघेणी ठरू शकते. डोळे पिवळे दिसले की मंत्रानं उतरवायला नेऊ नका, थेट दवाखाना.

आठवा महिना आहे. शेजारी पाचट पेटवल्यापासून दोन दिवस बाळ कमी हलतंय. अमावस्या गेली की दाखवू का?

नाही. हा प्रश्न मला लिहायचाच नव्हता, त्या वेळात दवाखान्यात पोचायचं होतं. कारण धूर आहे की आणखी काही, ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, जाऊन ठोके बघून घ्यायचे. अमावस्येला सीपीआरचा (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा) प्रसूती विभाग बंद नसतो.