आधी गोल काढ

चि.स अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रामबागेत आमच्या ओसरीवर तू वही उघडलीस, तेव्हा एकक त्रिज्य सदिश क्षेत्राच्या (प्रत्येक बिंदूवर केंद्रापासून बाहेर रोखलेला, १ लांबीचा बाण) डायव्हर्जन्सपुढे (बिंदूभोवतीच्या एकक घनफळामागे बाहेर पडणारा निव्वळ प्रवाह) लिहिलेले शून्य इतक्या जोरात खोडलेले होते की कागद फाटला होता. बाणांची लांबी कुठेच बदलत नाही, मग ‘२ भागिले आर’ (आर म्हणजे केंद्रापासूनचे अंतर) आले कुठून, हा तुझा प्रश्न घरात पाहुणे असल्यामुळे अर्धवट राहिला.

आधी गोल काढ. आर त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ ४ पाय आर वर्ग. बाणांची लांबी तीच राहिली तरी किंचित मोठ्या गोलातून अधिक फ्लक्स, म्हणजे पृष्ठभाग ओलांडणारा एकूण प्रवाह, बाहेर पडतो, आणि ही वाढ मधल्या पातळ कवचाच्या घनफळाने भागली की डायव्हर्जन्स मिळतो. म्हणून अवकलन करायचे ते केवळ लांबीचे नव्हे, तर आर वर्ग गुणिले लांबीचे, आणि मग आर वर्गाने भागायचे. लांबी १ असता २ आर भागिले आर वर्ग, म्हणजेच २ भागिले आर. तू लांबी पाहिलीस, क्षेत्रफळ विसरलास. अक्षांनुसार तिन्ही आंशिक अवकलजांची बेरीज करून पाहा: ३ भागिले आर वजा १ भागिले आर. उत्तर तेच येते, पण कारण कळत नाही. कारण गोलातच आहे. तरीही तुम्ही मुले गोल काढायला इतका आळस का करता?

हाच प्रश्न पूर्वी वर्गात एका मुलीने विचारला होता. मी फळ्यावरच्या सूत्राकडे बोट दाखवून “हे पाठ कर” म्हणालो, आणि वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही. साठ मुले होती, अभ्यासक्रम संपवायचा होता, त्या सूत्रावर पुष्कळजण उत्तीर्णही झाले. हे सारे खरे असूनही एक गोल काढायला मला दोन मिनिटे लागली असती, हे मनातून जात नाही. म्हणूनच आता तुला सोडत नाही.

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखे व्यस्त वर्गाचे क्षेत्र घे आणि तिथेही आधी गोल काढ. क्षेत्रफळ ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात लांबी घटते, म्हणून १ भागिले आर वर्ग लांबीच्या क्षेत्राचा प्रत्येक गोलातून फ्लक्स ४ पायच, आणि आरंभबिंदू सोडून सर्वत्र डायव्हर्जन्स शून्य. आरंभबिंदूवर क्षेत्रच परिभाषित नाही, म्हणून तो आत असलेल्या गोलाला गाऊसचे प्रमेय (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा फ्लक्स म्हणजे आतल्या डायव्हर्जन्सची घनफळावरची बेरीज) सरळ लावून फ्लक्स शून्य म्हणू नकोस. लांबी आरच्या घनाने घटत असेल तर काय होते, ते रविवारी वहीत मांडून आण. पानावर गोल आधी दिसला पाहिजे.