नाशिकमध्ये हौशी नाटकात भूमिका मिळवण्यासाठी ऑडिशनची तयारी कशी करावी?

नोकरी सांभाळून, पूर्वानुभव नसताना हौशी नाटकात शिरकाव कसा करावा, असे आपण विचारले आहे. पहिली पायरी म्हणजे परशुराम साईखेडकर नाट्यगृहात हौशी संस्थांचे प्रयोग पाहणे आणि प्रयोगानंतर दिग्दर्शकाला भेटून आपली इच्छा सांगणे. राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या संस्था संहितेची वाचने बऱ्याच आधी सुरू करतात, म्हणून ही भेट लवकर घ्यावी.

ऑडिशनमध्ये बहुधा अनोळखी उतारा हाती देतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नवोदितांचा आवाज नेमका तिथेच खाली जातो, त्यामुळे ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ यातले ‘नाहीत’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही; घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून एवढे एक जरी सुधारले, तरी फरक लगेच जाणवतो. दिग्दर्शकाने तोच संवाद वेगळ्या पद्धतीने म्हणायला सांगितला, तर नाउमेद होऊ नये. आपण सूचना कशी घेता, हे तो पाहत असतो. पाठ केलेले रडके स्वगत मात्र कृपया टाळावे. सातपूर-अंबडला पाळीची नोकरी असल्यास तालमींच्या वेळा आधीच स्पष्ट कराव्यात.