कणगरं खणलीत, आता आठ दिवस धीर धरा

पहिल्याच वर्षी तुमच्या परड्यात इतकी कणगरं (रताळ्यासारखे जमिनीखालचे कंद) आली, मला मनापासून आनंद झाला. पण ती धुऊन अंगणात उन्हात घालू नका. मी पहिल्या हंगामात तेच केलं होतं आणि महिन्याभरात अर्धी टोपली कुजली.

खणताना कुदळ लागतेच, सालही खरवडते. कंद मात्र काढल्यावरही जिवंत असतो, स्वतःची जखम स्वतः भरतो. कापलेल्या जागी आधी चिकट रस येतो. मग वरच्या पेशी सुकतात, खालच्या पेशींच्या भिंतींवर सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ साचतो. त्याच्याखाली नव्या पेशी तयार होऊन बुचासारखा थर धरतो. हाच थर आतलं पाणी राखतो आणि बुरशीला बाहेर ठेवतो.

याला ऊब, दमटपणा आणि हवा, तिन्ही लागतं. साधारण ३० ते ३२ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की चार ते आठ दिवसांत काम होतं. आपल्याकडे दिवसाची ऊब मिळते, हिवाळ्यातल्या रात्री मात्र गार. म्हणून पडवीत पेंढ्यावर एकेरी पसरा, वर किंचित ओलसर गोणपाट टाका. प्लास्टिक अजिबात नको, आत घाम धरतो.

नंतर जखमेवर नख फिरवून बघा. कोरडं, टणक लागलं की झालं. ओलं निघालं तर अजून थांबा. ठेचलेली कणगरं मात्र भरत नाहीत, ती आधी उकडून खा. रताळ्यांनाही हीच रीत.