१.८३ दिसलं म्हणून लगेच सुपरफ्लुइड म्हणू नकोस

निपाणीच्या एमएस्सीच्या पोरानं विचारलंय की अतिथंड लिथियम-६ च्या ढगाची ब्रीदिंग मोड, म्हणजे ढग आडव्या बाजूनं फुगतो-आकसतो ती, ट्रॅपच्या (अणू धरून ठेवणाऱ्या लेझरच्या सापळ्याच्या) फ्रिक्वेन्सीच्या १.८३ पट आली, मग सुपरफ्लुइड, म्हणजे अजिबात न घासता वाहणारी अवस्था, सिद्ध झालं असं सेमिनारला लिहू का. नको रे बाबा, इथंच सगळे फसतात.

आधी २ कुठून येतं बघ. अणू एकमेकांना धडकतच नसतील तर प्रत्येक जण एका फेरीत मधून दोनदा जातो, म्हणून ढग दुप्पट फ्रिक्वेन्सीनं श्वास घेतो. पण ८३२ गॉसजवळच्या फेशबाख रेझोनन्सला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या ज्या किमतीला अणूंचा एकमेकांवरचा परिणाम प्रचंड वाढतो तिथं, टकरा इतक्या वाढतात की विसर्जनाला बेळगावच्या कपिलेश्वर तलावाजवळ गर्दीत जसं होतं, तुला एकट्याला कुठं जायचंय याला अर्थच उरत नाही, सगळा लोंढा मिळून हलतो. शिवाय तिथं दाब फक्त घनतेच्या ५/३ घातावर चालतो, त्यामुळं लांबट सिगारसारख्या ढगात आडव्या मोडला १०/३ चं वर्गमूळ येतं, १.८३. आता गोम इथं आहे, हा लोंढा साधा, भरपूर टकरा होणारा गॅस असला तरी आकडा हाच येतो, सुपरफ्लुइड असला तरी हाच.

मग फरक कळायचा कसा? डॅम्पिंग बघ, म्हणजे हलणं किती लवकर विरतं ते. आमच्या खानापूरच्या घरात सोप्यात झोपाळा आहे, कड्या कोरड्या असल्या की आठ-दहा झोके घेऊन थांबतो, तेल सोडलं की किती वेळ हलत राहतो, पण एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. झोके किती टिकले ते मोज, नुसता वेळ मोजून कडीचं काही कळत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या ग्रुपनं हेच पाहिलं, गॅस थंड करत गेले तसं डॅम्पिंग कमी होत गेलं. आणि हे महत्त्वाचं आहे, कारण साधा फर्मी गॅस (लिथियम-६ सारख्या फर्मिऑन अणूंचा) थंड केला की पाउलीच्या नियमानं, म्हणजे एका जागी एकसारखा एकच अणू, खालच्या ऊर्जेच्या जागा भरलेल्या असतात, टकरा कमी होतात, लोंढा मोडायला लागतो, म्हणजे डॅम्पिंग वाढायला पाहिजे आणि आकडा २ कडे सरकायला पाहिजे. झालं उलटंच. मला तर हा युक्तिवाद आजही फार आवडतो. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला रुडॉल्फ ग्रिम यांच्या ग्रुपला ९१० गॉसच्या आसपास फ्रिक्वेन्सी एकदम उडी मारताना दिसली, तिथं डॅम्पिंगही जबरदस्त, ज्यांच्यामुळं सुपरफ्लुइड बनतं त्या अणूंच्या जोड्या तुटण्याकडं बोट दाखवणारी खूण. ढग फिरवल्यावर सुपरफ्लुइडमध्ये उठणारे ठरावीक मापाचे भोवरे मात्र २००५ ला एमआयटीत केटर्ले यांच्याकडं दिसले, तो थेट पुरावा, तो स्लाइडवर घालच.

अजून एक, भागायला ट्रॅपची फ्रिक्वेन्सी अंदाजानं घेऊ नकोस. आख्खा ढग एका बाजूला ढकलून सोडतात, त्या डोलण्यावर टकरांचा परिणाम होत नाही, तिथून ती मिळते. लेझरचा ट्रॅप कडेला सैल होतो, त्याची करेक्शन लावल्याशिवाय १.८३ आणि १.८० चा वाद घालण्यात अर्थ नाही. तुझा ग्राफ टाक इथं, डॅम्पिंगचा कॉलम सोबत असू दे.