वाचकांचे प्रश्न : शिसे, रक्तदाब आणि पक्षाघात

प्रश्न : माझ्या वडिलांनी उमेदीची सर्व वर्षे गिरगावातील एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात घालवली. आता त्यांचे वय ७४ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मागील महिन्यात एकदा त्यांचा उजवा हात काही मिनिटे बधिर झाला व बोलताना जीभ अडखळली. नंतर सर्व पूर्ववत झाले, म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. शिशामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो असे वाचनात आले. हा त्याचाच परिणाम असेल का, आणि रक्त तपासून घ्यावे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : शिशाचा विचार क्षणभर बाजूला ठेवून आधी एक निकडीची गोष्ट सांगतो. काही मिनिटांत नाहीसा झालेला बधिरपणा आणि अडखळलेले बोलणे ही पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. डॉक्टर तिला टीआयए म्हणतात. अशा प्रसंगानंतर खरा झटका येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि पुढेही ती पूर्णपणे टळत नाही, म्हणून महिना उलटला असला तरी हा अंक वाचून होताच वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. मेंदूचा एमआरआय, मानेतील रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी, ईसीजी, साखर आणि कोलेस्टेरॉल या तपासण्या ते बहुधा सांगतील. असे पुन्हा घडले, तर लक्षणे ओसरण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आता शिशाविषयी. छपाईचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. घट्ट स्वरूपातील खिळ्यांपासून वाफ निघत नाही. शिसे पोटात जाई ते हातांवाटे. दिवसभर खिळे उचलून काळवंडलेल्या बोटांनीच तंबाखू मळायची, त्याच हातांनी डबा खायचा आणि खिळे ठेवायच्या पेटीच्या खणांत साठलेली करडी धूळ फुंकून काढायची, हा अनेक छापखान्यांतील रोजचा परिपाठ होता. खिळे ओतण्याची भट्टी किंवा वितळलेल्या धातूतून अक्षरांच्या ओळी ओतणारे लायनोटाइप यंत्र जवळ असेल, तर वितळलेल्या धातूचा धूर व त्यावरची राख हा आणखी मोठा धोका ठरत असे. तेव्हा नेमके कोणते काम होते, भट्टी होती का, खिडक्या उघड्या असत का, हे वडिलांना निवांतपणे विचारून लिहून ठेवावे. डॉक्टरांना हे सहसा कोणी सांगत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत ते विचारलेही जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा जो वायू वाहिन्यांना सैल ठेवतो, त्याची उपलब्धता शिशामुळे कमी होते. वाहिन्या ताठर होतात आणि रक्तदाब चढतो. दीर्घकाळ शिसे पोटात गेले तर मूत्रपिंडेही हळूहळू बिघडतात आणि त्यानेही रक्तदाब वाढतो. पक्षाघाताच्या सर्व टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाब सर्वांत मोठे असल्यामुळे शिशाचा मेंदूपर्यंतचा मार्ग मुख्यतः येथूनच जातो. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात रक्त तपासलेल्या प्रौढांचा पुढे सुमारे १२ वर्षे मागोवा घेतला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एक डेसिलिटर रक्तात ३.६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असणाऱ्या गटात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा धोका १.९ मायक्रोग्रॅमहून कमी शिसे असणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळला. या पातळ्या एके काळी निर्धोक मानल्या जात. असा निरीक्षणात्मक अभ्यास संबंध दाखवतो, पण शिसे हेच कारण असल्याचे सिद्ध करत नाही, हे खरे. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ च्या आपल्या निवेदनात शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे धोकादायक घटक म्हणून मान्य केले आहे.

आपल्या वडिलांच्या बाबतीत शिसेच कारणीभूत होते असे कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, कारण एकाच माणसात वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि हृदयाची अनियमित लय यांचे वाटे वेगळे काढता येत नाहीत. रक्ताची तपासणी एकदा अवश्य करावी, परंतु तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते. उलट प्रौढाच्या शरीरातील शिशाचा ९० टक्क्यांहून अधिक साठा हाडांत असतो आणि तो तेथे अनेक दशके राहतो. त्यामुळे आजचा आकडा कमी आला, तरी छापखान्यातील ती वर्षे पुसली जात नाहीत. आकडा ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सध्याचा स्रोत शोधावा. नाग भस्म, म्हणजे शिशाचे भस्म, असलेली औषधे आणि सुट्या, फार झगझगीत पिवळ्या हळदीतील शिसेयुक्त रंगाची भेसळ यांचाही त्यात विचार करावा. वृद्धापकाळी हाडे झिजतात, किंवा मांडीचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हा जुने शिसे पुन्हा रक्तात उतरते. म्हणून रोजचे चालणे, घरात पडणे टाळण्याची काळजी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांना येथे नेहमीपेक्षा अधिक महत्त्व आहे. मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, तंबाखू पूर्ण बंद करावी आणि रक्तदाब १३०/८० च्या खाली राहील असे औषध डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला मधुमेह आहे व पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. एका दवाखान्यात त्याच्या लघवीत शिसे फार असल्याचे सांगून सलाइनमधून कीलेशन घेण्याचा आग्रह धरला जात आहे. त्याने नसा साफ होतात व पक्षाघातही टळतो, असे तेथे सांगतात. खर्च मोठा आहे. घ्यावे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कीलेशनमध्ये दिले जाणारे ईडीटीए हे औषध शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढते आणि खरोखरीच्या विषबाधेत, रुग्णालयात, देखरेखीखाली त्याच्या कॅल्शियमयुक्त प्रकाराचा उपयोग होतो. आपल्या भावासारख्याच, म्हणजे झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर, अमेरिका व कॅनडात याची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. रक्तातील शिसे निम्म्याहून अधिक घटले, पण झटके, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. त्याआधी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थोडा लाभ दिसला होता आणि जाहिराती अजून त्याच चाचणीचा हवाला देतात. चुकीच्या प्रकारचे ईडीटीए दिल्यास रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून जीव जाऊ शकतो.

लघवीची तपासणी कधी केली, तेही पाहावे. आधी कीलेशनचे औषध देऊन नंतर लघवी मोजली असेल, तर शिसे जास्त येणारच. ते औषध कोणाच्याही शरीरातील शिसे बाहेर काढते आणि अशा आकड्याची तुलना करण्यासाठी मान्य प्रमाण नाही. विश्वास ठेवायचा तर औषधाविना, शिरेतून घेतलेल्या रक्तातील शिशावर. ते पैसे नियमित औषधांसाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : माझे पती कुर्ल्यात वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करतात. वय ४१. अलीकडे रक्तदाब वाढला आहे, पोटात कळा येतात. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. काय करावे?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : पोटातील कळा आणि वाढलेला रक्तदाब एकत्र दिसत असल्यामुळे पतींच्या रक्तातील शिसे, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन याच आठवड्यात तपासावे आणि मुलाचेही शिसे सोबतच तपासावे. लहान मुलाला तेवढ्याच धुळीने प्रौढाहून कितीतरी अधिक अपाय होतो.

बॅटरीतील शिशाच्या प्लेटांवरील धूळ कपडे, केस व चपलांबरोबर घरी येते. कामाचे कपडे दुकानातच बदलावेत. ते शक्य नसेल तर घरी येताच दाराशी काढून वेगळ्या बादलीत भिजवावेत, आंघोळ करावी आणि त्यानंतरच मुलाला जवळ घ्यावे. दुकानात कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. चहा, वडापाव किंवा तंबाखू यांपैकी काहीही साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाजवळ नेऊ नये. साधा कापडी रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, धुळीसाठीचा प्रमाणित मास्क लागतो. शिसे वितळवण्याचे काम तेथे होत असेल, तर ते त्यांनी करूच नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा कळवणे बंधनकारक असलेल्या व्याधींच्या यादीत घातली होती. छोट्या दुकानांतील कामगार अशा तरतुदींबाहेर राहतात, हा अन्याय आहे. तरीही दुकान राज्य कामगार विमा योजनेत येत असेल, तर व्यवसायजन्य आजार म्हणून लाभ मागता येतो. त्यासाठी केसपेपरवर पतींचा व्यवसाय, “बॅटरी दुरुस्ती, शिशाशी संपर्क” अशा शब्दांत, पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.