शिवराई हिरवी पडलीय, घासू का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सासरे गेल्यावर देवघर आवरायला काढलं तर एका डबीत पाच-सहा शिवराई (शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची नाणी) आणि काही इंग्रजी पैसे निघाले. बाकीचे काळपट आहेत पण दोन-तीनांवर हिरवं आलंय. पुतण्या म्हणतो लिंबू-मीठ लाव, लखलखतील. लावू का? (एक वाचक, राजापूर)

नका लावू ताई, आणि पुतण्याच्या हातात तर डबी देऊच नका! लिंबाने चमक येते पण ती वरचा थर खाऊन येते, दीडदोनशे वर्षांत चढलेला तो काळा-तपकिरी थरच आतल्या तांब्याला सांभाळत असतो आणि तो गेला की नाण्याची किंमतही गेली. मीठ तर त्याहून वाईट. तांब्याचा खरा वैरी म्हणजे क्लोराईड, आणि मीठ म्हणजे तेच की. चिंच, पितांबरी, राख, सगळं भांड्यांना ठेवा.

आता ते हिरवं. हिरवं दिसलं की लोक घाबरतात, पण नुसता रंग बघून काही कळत नाही, ते वाढतंय का एवढंच बघायचं. नाणं खिडकीपाशी घ्या, भिंग घ्या आणि लाकडी टूथपिकने हिरव्यावर हळूच टोचा. गडद, गुळगुळीत, कडक असेल आणि टूथपिक नुसती घसरली तर तो जुना स्थिर थर आहे, त्याला हात लावू नका. मऊ, मेणासारखं, चिकट निघालं तर ते बहुतेक देवघरातलं तूप-तेल, तांब्याशी त्याची रिॲक्शन होऊन हिरवा साबण होतो. दिसायला घाण पण घाईचं काम नाही, लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवा, मऊ झालं की टूथपिकनेच काढा.

पण फिकट, पोपटी, पिठासारखी पूड पडली आणि खाली खड्डा दिसला, तर मात्र तो ज्याला ब्राँझ डिसीज म्हणतात तो. नाव ब्राँझचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही होतो, त्यामुळे तुमचे इंग्रजी पैसे १९०६ च्या आधीचे म्हणजे तांब्याचे असोत की नंतरचे ब्राँझचे, दोन्ही तपासा. जंतूबिंतू काही नाही, आत अडकलेलं क्लोराईड हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेतं, त्यातून ही पूड आणि थोडं आम्ल तयार होतं, ते आम्ल परत तांबं खातं, परत क्लोराईड, असं चक्र चालूच. राजापूरची पावसाळी खारी हवा त्याला फारच मानवते.

शंका असेल तर पूड झटकून नाणं झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी ओला कापूस (नाण्याला चिकटू देऊ नका), एक दिवस-रात्र तसंच. सकाळी नवीन पोपटी ठिपके आले तर रोग जिवंत आहे, लगेच सुकवा. अशी नाणी वेगळी काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, पाणी दर दोन-चार दिवसांनी बदला, हे काही आठवडे करावं लागतं. मग ॲसिटोनमध्ये (झटकन उडून जाणारं, पेट घेणारं द्रावण) बुडवून (गॅसपासून लांब हं) पूर्ण सुकवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात टाका. डब्यातल्या हवेचा ओलावा ३५-४० टक्क्यांच्या खाली राहिला की चक्र थांबतं. बेन्झोट्रायझोल नावाचं केमिकल वापरतात पण ते विषारी आहे, घरी नको, संग्रहालयाच्या कन्झर्वेटरलाच (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला) करू द्या. आणि खड्डे भरून येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : प्रदर्शनात शिवराई घेतली, विक्रेता म्हणाला एकदम एक्स्ट्रा फाईन (म्हणजे फारच कमी झिजलेली), पण ‘श्री राजा शिव’ मधलं ‘श्री’ अर्धंच आहे. फसलो का? (एक वाचक, पुणे)

तेवढ्यावरून नाही. शिवराई हाताने ठोकलेली, छाप मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जाणारच. ती झीज नव्हे. झीज बघायची तर जी अक्षरं आहेत त्यांच्याकडे बघा, दांड्या अजून उभ्या, धारदार आहेत की बसून सपाट झाल्यात, मागच्या ‘छत्रपति’ची पण तीच तपासणी. वजनावर जाऊ नका, शिवाजी महाराजांच्या काळापासून पेशवाईनंतरपर्यंत ही नाणी कितीतरी ठिकाणी पडली, वजनं एकसारखी नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्याला वजन उपयोगी पडतं कारण तो मशीनवरचा, साधारण साडेसहा ग्रॅम. कडा मात्र नक्की बघा, ओतकामाची रेघ असेल तर नक्कल, आणि गळ्यात घालायला कडी डकवल्याची खूण असेल तर एक्स्ट्रा फाईन विसरा, भाव पाडून मागा. डोळा तयार करायचा तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणी संग्रहालयात एक दिवस काढा.

प्रश्न : अल्बममधल्या सगळ्याच पैशांवर चिकट हिरवा थर आलाय, सगळ्यांना एकदमच कसा? (एक वाचक, सोलापूर)

अल्बमची पानं मऊ, वास येणारी पीव्हीसी प्लॅस्टिकची असणार, त्याचंच ते. ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, चोळू नका, थर निघून येईल (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल-सेंट असतं). अल्बम टाकून द्या आणि मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं घ्या.