दुकानात दिसलेला सोंडवाला काळा मासा कोणता? 2 फुटी टँकमध्ये चालेल का?

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हा एलिफंट नोजच वाटतोय, शास्त्रीय नाव नॅथोनेमस पीटर्सी. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, नायजर नदीपासून काँगोच्या खोऱ्यापर्यंत, संथ गढूळ पाण्यात राहतो.

खात्री करायची तर आधी तोंड कुठंय ते बघा. ती सोंड म्हणजे नाक नाहीये, हनुवटी आहे, बोटासारखी पुढे आलेली, आणि तोंड तिच्या वरच्या बाजूला असतं. याचेच काही भाऊबंद आहेत, कॅम्पिलोमॉर्मिरस म्हणून, त्यांचं अख्खं थोबाडच नळीसारखं लांब होऊन खाली वळतं आणि तोंड अगदी टोकाला येतं, तसं असेल तर मासा वेगळा. मग अंगाकडे बघा, चपटं, काळपट तपकिरी, पाठीवरचा आणि पोटाकडचा पर दोन्ही पार शेपटीकडे सरकलेले आणि त्या दोघांच्या मधे दोन फिकट पांढऱ्या उभ्या रेघा. शेपटीच्या आधीचा भाग एकदम बारीक दांडीसारखा असतो, आणि खरी कमाल तिथेच आहे, कारण तिथे वीज तयार करणारा अवयव असतो. करंट इतका कमी की आपल्या हाताला कळतही नाही, पण मासा त्यातून आपल्याभोवती विजेचं क्षेत्र तयार करतो आणि त्यात जरा फरक पडला की अंगावरच्या, विशेषतः त्या हनुवटीवरच्या संवेदकांना समजतं. रात्रीच्या मिट्ट काळोखात चिखलातली अळी तो अशी शोधतो! एवढं सगळं सांभाळायला मेंदूही तसाच लागतो, शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास 60 टक्के एकटा मेंदू वापरतो, आपला साधारण 20 टक्के वापरतो. मला तरी गोड्या पाण्यात याच्याइतका भारी मासा दुसरा माहीत नाही.

म्हणूनच कळकळीने सांगतो, 2 फुटी टँकमध्ये नका ठेवू. टँकमध्येही वीतभर सहज होतो, आणि तळाला टोकदार खडी असेल तर ती नाजूक हनुवटी सोलून निघते, बारीक वाळूच हवी. लपायला जागा, मंद उजेड आणि जिवंत किंवा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, लागतात, कोरड्या दाण्यांवर बहुतेक जगत नाहीत. बंदिस्त जागेत यांची पैदास जवळजवळ होतच नाही, म्हणजे दुकानात दिसतो तो नदीतून पकडून आणलेला असतो. मोठा टँक होणार असेल तरच घ्या, आणि घेण्याआधी दुकानदाराला समोर ब्लडवर्म टाकायला सांगा, खाल्ले नाहीत तर तो मासा घेऊ नका.